हंगामानंतर बंद ठेवलेली अवजारे उंदरांपासून कशी राखावीत?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात शेतीची यंत्रे वर्षातील थोडे महिने राबतात आणि बरेच महिने उभी राहतात. ज्वारीची मळणी आटोपली की मळणी यंत्र शेडमध्ये जाते. रब्बीची पेरणी संपली की पेरणी यंत्र कोपऱ्यात लागते. गाळप हंगाम संपल्यावर उसाच्या ट्रॉल्या व त्यांचे सुटे सामान पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते. द्राक्ष व डाळिंबाच्या बागेतील ब्लोअरलाही विश्रांतीचे महिने असतात. काही गावांत आषाढी वारीसाठी ट्रॉलीवर ताडपत्रीचे छत घालतात. त्या ट्रॉलीतील राहुट्या, सतरंज्या आणि स्वयंपाकाची भांडी पुढच्या वारीपर्यंत कोणी उघडूनही पाहत नाही.

चालणारे यंत्र झिजते, हे आपण जाणतो व त्याला वेळेवर वंगण देतो. उभ्या यंत्राकडे मात्र दुर्लक्ष होते आणि नेमके तेथेच उंदीर घर करतात. मग ऐन पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर चालू होत नाही, ब्लोअरचा पाइप फवारा सोडताच फाटतो किंवा वारीच्या आदल्या दिवशी ताडपत्री उलगडली तर तिची चाळण झालेली दिसते. दुरुस्तीचा खर्च एक वेळ सोसता येतो, पण वाफसा निघून गेला तर तो पुन्हा येत नाही.

उंदीर बंद यंत्रात शिरतात ते बहुतांशी यंत्र ठेवताना झालेल्या हयगयीमुळे. म्हणून यंत्र ज्या दिवशी ठेवायचे त्या दिवशीचे दोन तासांचे काम हे नंतरच्या सर्व औषधांपेक्षा अधिक मोलाचे असते. ते काम कसे करावे याची माहिती या लेखात दिली आहे.

उंदीर यंत्रात का शिरतो?

उंदराला तीन गोष्टी लागतात : अन्न, घरट्यासाठी मऊ वस्तू आणि शत्रूपासून सुरक्षित अशी अंधारी जागा. बंद यंत्रात या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. मळणी यंत्राच्या चाळणीखाली मूठभर ज्वारी राहिलेली असते. ट्रॅक्टरच्या आसनातील फोम, पुसण्याची फडकी आणि बारदान यांचे उत्तम घरटे होते. बॉनेटखालची जागा किंवा ब्लोअरच्या पंख्याचे घर म्हणजे मांजराला न पोहोचणारा किल्लाच होय.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काही तरी कुरतडावे लागते. त्यामुळे खाण्याजोगी नसलेली वस्तूही तो सोडत नाही. वायरवरील वेष्टण, रबरी पाइप, ठिबकच्या नळ्या, लाकूड, प्लॅस्टिकची टाकी यांपैकी काहीही त्याला चालते.

आपल्या भागात उंदीर घराकडे वळण्याचे दोन काळ आहेत. पहिला काळ रब्बी ज्वारीच्या काढणीनंतरचा. रान मोकळे झाले की शेतातील अन्न संपते आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून उंदीर वस्तीकडे सरकतात. दुसरा काळ पावसाळ्यातील, विशेषतः सप्टेंबरच्या जोरदार पावसाचा. बिळात पाणी शिरले की ते कोरडी जागा शोधतात. आपली बहुतेक यंत्रे नेमकी याच दिवसांत उभी असतात.

शत्रूची ओळख

शेडमध्ये मुख्यतः तीन प्रकारचे उंदीर आढळतात. प्रत्येकाची सवय वेगळी असल्याने उपायही वेगळा असतो.

१) घरातील लहान उंदीर : हा सर्वांत लहान असून यंत्रात घरटे करणारा मुख्य गुन्हेगार हाच. याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या व टोकदार असतात. सुमारे ६ मि.मी. फटीतूनही तो आत शिरतो. तो घरट्यापासून फार लांब जात नाही. धान्यातील ओलाव्यावरही त्याचे भागते, म्हणून शेडमध्ये पाणी नाही यावर विसंबून राहू नये.

२) घरातील मोठा काळा उंदीर : हा पटाईत चढणारा आहे. माळवदाच्या तुळया, पत्र्याखालचे वासे आणि विजेच्या तारा हे त्याचे रस्ते. त्याच्या लेंड्या साधारण १२ मि.मी. लांब असतात.

३) घूस : ही अंगाने जड असून जमीन पोखरते. शेडच्या पायाजवळ मातीचा ताजा ढीग दिसला तर ती घूस समजावी. ती भिंतीखालून वाट करते व त्या वाटेने लहान उंदीर आयतेच आत येतात.

चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती मुख्यतः किडे खाते. तिचे तोंड लांब व निमुळते असते. तिच्यासाठी विष टाकण्याचे कारण नाही.

लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेळी सरासरी पाच-सहा पिले देते. ही पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणजे मार्चमध्ये शिरलेल्या एका जोडीची नातवंडे पावसाळा संपण्यापूर्वीच त्याच शेडमध्ये नांदू लागतात. सुरुवातीची एक जोडी थांबवणे हे नंतर पन्नास उंदीर मारण्यापेक्षा सोपे असते.

नुकसान केवळ वायरचे नाही

कुरतडलेल्या वायरमुळे शॉर्टसर्किट होते. जवळ कडबा, भुसा किंवा डिझेलचा कॅन असेल तर शेड पेटण्यास एवढे पुरते.

उंदरामागोमाग साप येतो. धामण बिनविषारी असून उंदीर फस्त करते, म्हणून तिला मारू नये. परंतु नाग, घोणस व मण्यारही त्याच वासावर शेडमध्ये येतात. महिनोन्महिने बंद असलेल्या मळणी यंत्रात हात घालणाऱ्या माणसाला हा धोका सर्वांत मोठा आहे.

तिसरा धोका रोगाचा. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात व ते ओल्या जागेतून, पायावरील जखमेतून शरीरात शिरतात. प्लेगची आठवणही फार जुनी नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात पडझड झालेली घरे रिकामी राहिली व त्यांत धान्य पडून राहिले. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा बंद घरांतील धान्यावर वाढलेले उंदीर हे त्यामागील एक कारण म्हणून मांडण्यात आले. धान्य आत आणि माणूस बाहेर अशी जागा उंदरांना किती मानवते, हे यावरून लक्षात येते. आपले बंद शेड हे त्याचेच लहान रूप आहे.

पहिले काम : यंत्र रिकामे व स्वच्छ करणे

मळणी यंत्र ठेवण्यापूर्वी ते पाच-दहा मिनिटे रिकामे चालवावे. नंतर ते पूर्ण बंद करून, पट्टे उतरवून, चाळण्या बाहेर काढून झटकाव्यात. ड्रमखालचा भाग, दाणे पडण्याची घसरण आणि पंख्याचे घर ब्रशने साफ करावे. कोपऱ्यात दाणा राहता कामा नये. पट्टे यंत्रावर न ठेवता पत्र्याच्या पेटीत ठेवावेत.

पेरणी यंत्राची बियाण्याची व खताची पेटी उलटी करून रिकामी करावी. नळ्यांतून दाणे अडकलेले असतात, त्या काढून फुंकून घ्याव्यात. खताची पेटी पाण्याने धुऊन वाळवावी, म्हणजे गंजही टळेल. प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे पेटीत मुळीच ठेवू नये.

ब्लोअरची टाकी, गाळण्या व पाइप स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण निचरून घ्यावेत. पाइप गुंडाळून टांगावेत. ठिबकच्या नळ्या शेतातून काढल्यास त्यांतील पाणी काढून, दोन्ही टोके दुमडून बांधावीत व वेटोळी जमिनीवर न टाकता टांगून ठेवावीत.

ट्रॅक्टरच्या आसनाखालची फडकी, कागद, डब्यातील शिळी भाकरी, शेंगदाण्याची पुडी हे सर्व काढावे. आसन सुटे होत असेल तर काढून घरात न्यावे. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. त्यामुळे बॅटरीही टिकते आणि वायर कुरतडली गेली तरी आग लागण्याची भीती कमी होते.

वारीच्या ट्रॉलीतील पीठ, डाळी, मसाले व तेलाचे डबे त्याच आठवड्यात बाहेर काढावेत. भांडी घासून, वाळवून पालथी ठेवावीत. सतरंज्या व पांघरुणे उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत भरावीत. ताडपत्री व राहुट्या ओल्या असताना कधीही घडी करू नयेत. मसाल्याचा किंवा तेलाचा डाग राहिलेली घडी उंदीर आधी फोडतो.

टांगण्यासाठी छताला आडवी तार बांधावी. मात्र मोठा उंदीर तारेवरूनही चालतो. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना सुमारे दीड फूट व्यासाची पत्र्याची गोल चकती ओवावी. टांगलेल्या वस्तू भिंतीपासून दूर असाव्यात.

दुसरे काम : वाटा बंद करणे

शेडची पाहणी दिवसा, दार लावून आतून करावी. जेथून उजेड दिसतो तेथून उंदीर येऊ शकतो. साधी कसोटी अशी, की ज्या फटीत शिसपेन्सिल जाते त्या फटीतून लहान उंदीर जातो. ज्या छिद्रात अंगठा जातो तेथून मोठा उंदीर येतो.

• दाराखालची फट पत्र्याची पट्टी मारून बंद करावी. लाकडी दाराच्या खालच्या एक फूट भागावर आतून-बाहेरून पत्रा ठोकावा, म्हणजे कुरतडता येणार नाही.

• खिडक्या व झरोक्यांना ६ मि.मी. किंवा त्याहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते.

• पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तेथील पोकळ्या सिमेंटने भराव्यात. ही जागा हमखास विसरली जाते.

• बिळे बुजवताना वाळू-सिमेंटमध्ये काचेचे तुकडे मिसळावेत. नुसत्या मातीने बुजवलेले बीळ दुसऱ्या दिवशी उघडे दिसते.

• पाइप व वायर भिंतीतून जातात तेथील लहान छिद्रांत भांडी घासण्याची स्टीलची घासणी दाबून भरावी व वरून सिमेंट लावावे. चिंध्या किंवा कापूस भरू नये, तो घरट्यासाठीच वापरला जातो. फवारून फुगणारा फोमही एकटा पुरत नाही.

• विहिरीवरील स्टार्टरच्या पेटीत केबल शिरते ती छिद्रे मोकळी असतात. तेथून पाल व उंदीर दोन्ही शिरतात. मुख्य वीजप्रवाह बंद करूनच ती बंद करावीत. शक्यतो हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

नवीन शेड बांधणार असाल तर पाया निदान दोन फूट खोल घेऊन जमीन कोब्याची करावी. घुशीला पोखरण्यास वाव राहत नाही व हा खर्च एकदाच होतो.

यंत्राच्या स्वतःच्या वाटाही असतात. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घालण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. एअर क्लिनरच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बांधावी. ब्लोअरच्या टाकीचे झाकण घट्ट लावावे, पाइपची तोंडे बुचाने बंद करावीत. जेवढी तोंडे बंद कराल तेवढ्यांची यादी कागदावर लिहून स्टिअरिंगला लाल फडक्यासह बांधावी. पुढच्या हंगामात डबा किंवा बूच काढायचे विसरून इंजिन चालू केल्यास नवीनच नुकसान होते. ते या फडक्यामुळे टळते.

तिसरे काम : शेडच्या भोवतीचा परिसर

शेडला लागून कडब्याची गंज रचण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती सोडावी. गंज शेडपासून किमान १५ ते २० फूट दूर असावी. भिंतीभोवती तीन फूट पट्टा गवत, काटक्या व जुन्या पत्र्यांपासून मोकळा ठेवावा. मोकळ्या जागेतून जाणे उंदराला धोक्याचे वाटते आणि ताजे बीळही आपल्या लगेच नजरेस येते.

सरकी पेंड, बियाणे व धान्य यंत्राच्या शेडमध्ये ठेवू नये. दुसरी जागाच नसेल तर ते पत्र्याच्या कोठीत भरावे. कोंबड्यांचे उरलेले खाद्य संध्याकाळी उचलावे.

पंधरवड्याची पाहणी

यंत्र ठेवले म्हणजे काम संपले असे नाही. दर पंधरा दिवसांनी एक पाहणी करावी. भिंतीकडेने व यंत्राच्या चाकांभोवती रांगोळीचा पातळ थर पसरावा व दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. पावलांचे व शेपटीचे ठसे दिसले तर उंदीर आहेत आणि ते कोणत्या वाटेने फिरतात हेही समजते. यासाठी पीठ वापरू नये, ते खाद्य ठरते.

ट्रॅक्टर असेल तर बॉनेट उघडून आत पाहिल्यावरच, बॅटरीची तार जोडून, तोंडावरील डबा व जाळी काढून तो दहा मिनिटे चालू करावा. दारे उघडी ठेवावीत, कारण बंद शेडमध्ये धूर कोंडणे जिवावर बेतते. शक्य असल्यास ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे करून जागा बदलावी. सतत हालणाऱ्या जागेत उंदीर घरटे करण्यास कचरतो.

सापळे

उंदीर शिरल्याचे दिसल्यास प्रथम सापळा वापरावा. यंत्राच्या शेडमध्ये विषापेक्षा सापळा बरा, कारण मेलेला उंदीर आपल्या हाती लागतो. विष खाल्लेला उंदीर यंत्राच्या आतच मरतो आणि दुर्गंधी शोधण्यासाठी अख्खे यंत्र खोलावे लागते.

चापाचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. लहान उंदरांसाठी सापळे सहा ते दहा फुटांवर असावेत. एकच सापळा महिनाभर लावण्यापेक्षा आठ-दहा सापळे एकदम लावणे अधिक परिणामकारक ठरते.

आमिष म्हणून शेंगदाण्याचा कूट व गूळ यांची लहान गोळी किंवा तळलेल्या भज्याचा तुकडा वापरावा. मोठा उंदीर नवीन वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी तीन-चार दिवस सापळा न ताणता, नुसते आमिष घालून ठेवावा व तो खाऊ लागल्यावर ताणावा. लहान उंदीर उलट चौकस असतो, तो पहिल्याच रात्री सापडण्याची शक्यता असते.

डांबर गोळ्या, पुदिन्याचे तेल किंवा न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रे यांवर भिस्त ठेवू नये. वासाला व आवाजाला उंदीर लवकरच सरावतात आणि तो आवाज वस्तूंच्या आडोशापलीकडे जात नाही. बंद केबिनमध्ये डांबर गोळ्यांचा वास माणसालाही अपायकारक असतो. मांजर उपयोगी आहे, पण तिचे काम मोकळ्या जागेत, यंत्राच्या पोटात नव्हे. गव्हाणी घुबड हा मात्र आपला रात्रीचा राखणदार आहे. त्याला अपशकुनी समजून हाकलू नये.

विषारी आमिष : शेवटचा उपाय

उंदरांची संख्या फार वाढल्यासच विषाचा विचार करावा व तेही यंत्रात नव्हे, तर शेडबाहेर भिंतीकडेने. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के तीव्रतेच्या तयार वड्या परवानाधारक विक्रेत्याकडून सीलबंद घ्याव्यात. त्या उघड्यावर न टाकता हातभर लांब पाइपच्या तुकड्यात किंवा बांबूच्या नळीत मधोमध ठेवाव्यात, म्हणजे लहान मुले, कुत्री व कोंबड्यांपासून दूर राहतील. हे विष रक्त गोठू देत नाही व उंदीर काही दिवसांनी मरतो. त्यामुळे इतर उंदरांना आमिषाचा संशय येत नाही.

झिंक फॉस्फाइड हे तीव्र विष असून त्यावर उतारा नाही. एकदा थोडे खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा खात नाही. वस्तीजवळच्या शेडमध्ये ते टाळलेलेच बरे.

आमिष हाताळताना हातमोजे घालावेत. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत, कारण ते खाऊन कुत्री, मांजरे व घुबडे दगावतात. चुकून कोणाच्या पोटात विष गेल्यास वेष्टणासह त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ब्रोमॅडिओलोनवर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, मात्र तो डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो.

यंत्र पुन्हा बाहेर काढताना

हंगामाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान पंधरा दिवस आधी यंत्र उघडावे. म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. शेडची दारे अर्धा तास उघडी ठेवून वारा खेळू द्यावा. आत हात घालण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे व लांब काठीने यंत्राला ठोकावे, म्हणजे सापविंचू असल्यास बाहेर पडतील. पायात बूट असावेत.

घरटे किंवा लेंड्या दिसल्यास त्या कोरड्या झाडू नयेत, धूळ नाकातोंडात जाते. तोंडाला रुमाल बांधून व हातमोजे घालून त्यावर ब्लिचिंग पावडरचे पाणी शिंपडावे, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने उचलून पुरावे आणि हात साबणाने धुवावेत. त्यानंतर प्रत्येक वायर, रबरी पाइप व पट्टा बोटाने चाचपून पाहावा. वेष्टण गेलेली वायर नुसती चिकटपट्टी लावून वापरू नये, बदलून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) यंत्र ठेवतानाच दाणा, चिंधी व कागद बाहेर काढा.

२) शिसपेन्सिल जाईल एवढीही फट ठेवू नका.

३) कडबा, पेंड व बियाणे यंत्राच्या शेडपासून दूर ठेवा.

४) दर पंधरा दिवसांनी रांगोळी पसरून पाहणी करा.

५) आधी सापळा, विष शेवटी आणि तेही शेडबाहेर.

६) बंद केलेल्या तोंडांची यादी लाल फडक्यासह स्टिअरिंगला बांधा.

७) उघडताना आधी उजेड व काठी, मग हात.

यंदाचा हंगाम संपेल त्या दिवशी शेडला कुलूप लावण्याआधी यातील पहिली तीन कामे पूर्ण करा. पुढील पेरणीला वाफसा येईल तेव्हा तुमचे यंत्र पहिल्या हाकेला उभे राहील.